याकोबाची वर्षे आणि याकोबाचे कुळ : प्रस्तावना

अब्राहाम, इसहाक आणि याकोब या तीन पुरुषांना बायबलच्या परंपरेत कुलपिता म्हणतात, म्हणजे ज्यांच्यापासून आपले कुळ निघाले असे इस्राएल लोक मानतात ते मूळपुरुष. कालगणनेच्या दृष्टीने या तिघांत याकोबाचे आयुष्य सर्वांत गुंतागुंतीचे आहे. अब्राहामाच्या आयुष्यातील ठळक प्रसंगांची वये उत्पत्तीच्या पुस्तकात थेट नोंदलेली आहेत : हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता, इश्माएल झाला तेव्हा ८६ वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा, आणि तो वारला १७५ व्या वर्षी. याकोबाची मात्र दोनच वये ग्रंथ स्पष्टपणे देतो : मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, तेथील राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा १३० आणि मृत्यूसमयी १४७. भावाच्या धाकाने त्याने घर सोडले ते कितव्या वर्षी, लेआ आणि राहेल यांच्याशी त्याचा विवाह झाला ते कितव्या वर्षी, बारा मुलगे झाले ते कोणत्या काळात, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तेथे लिहिलेले नाही. पण ती सर्व उत्तरे निघतील इतके आकडे इतर व्यक्तींच्या चरित्रांत विखुरलेले आहेत. ते आकडे वेचून एका सूत्रात ओवण्याचे काम दोन हजारांहून अधिक वर्षे चालू आहे, आणि त्या कामाची रीत मराठी वाचकापुढे सविस्तर मांडणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. याकोबाला पुढे इस्राएल हे नाव मिळाले, आणि स्वतःला ‘इस्राएलाची लेकरे’ म्हणजेच बेने इस्राएल म्हणवणारा एक समाज शतकानुशतके कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, मराठी बोलत नांदला आहे. दिल्लीतील मंडी हाउसच्या चौकापासून इंडिया गेटपर्यंत जाणाऱ्या कोपर्निकस मार्गाचे उदाहरण पाहिले, तरी हा धागा किती जवळून जातो ते लक्षात येते. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. मार्गाच्या एका टोकाला, मंडी हाउसच्या परिसरात, साहित्य अकादमीचे रवींद्र भवन असून, बेने इस्राएल समाजातील निसिम एझिकेल यांना १९८३ मध्ये आणि एस्थर डेव्हिड यांना २०१० मध्ये अकादमीचा इंग्रजीसाठीचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या टोकाला इंडिया गेट ओलांडून पुढे गेले, की हुमायून रोडवर ज्यूडा हायम सभागृह हे राजधानीतील सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, लागते. शिवाय ज्या ज्योतिर्विदाचे नाव या मार्गाला दिलेले आहे, त्याच्या शास्त्राचे आणि याकोबाच्या कालनिर्णयाचे नाते थेट आहे. त्याचा उलगडा पुढे यथास्थळ होईल.

प्रथम मुख्य गणित पाहणे इष्ट. या गणिताचा आरंभ याकोबापासून होत नाही, तर त्याचा मुलगा योसेफ याच्यापासून होतो. योसेफ फारोच्या सेवेत रुजू झाला तेव्हा तो ३० वर्षांचा होता. त्यानंतर सुकाळाची सात वर्षे गेली आणि दुष्काळाची दोन वर्षे सरली, तेव्हा त्याने भावांना ओळख देऊन वडिलांना मिसर देशात बोलावून घेतले. म्हणजे त्या वेळी योसेफाचे वय ३९ ठरते. याकोब तेथे पोहोचला तो १३० व्या वर्षी. १३० मधून ३९ वजा केले, की योसेफ जन्मला तेव्हा याकोब ९१ वर्षांचा होता हे निश्चित होते. आता मामा लाबान याच्या घरी याकोबाने मामाच्या दोन मुलींसाठी चौदा वर्षे आणि गुराढोरांसाठी सहा वर्षे अशी एकूण वीस वर्षे चाकरी केली, आणि योसेफ झाल्यावर लगेच त्याने स्वदेशी परतण्याची अनुज्ञा मागितली, यावरून योसेफाचा जन्म चौदाव्या वर्षाच्या अखेरीस धरावा लागतो. ९१ मधून १४ वजा जाता ७७ उरतात. आईच्या सांगण्यावरून आंधळ्या बापाचा आशीर्वाद पदरात पाडून घेणारा आणि मग रानात धोंडा उशाला घेऊन झोपणारा याकोब चित्रांत तरुण दिसतो, परंतु ग्रंथातील आकड्यांप्रमाणे तो त्या वेळी ७७ वर्षांचा आहे.

हाच निष्कर्ष दुसऱ्या बाजूने पडताळून पाहण्याचा प्रयत्न यहुदी आचार्यांनी केला, आणि त्यांची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. इश्माएल हा देवाने अब्राहामाला दिलेल्या प्रतिज्ञेचा वारस नसताना त्याचे १३७ वर्षांचे आयुर्मान ग्रंथाने का नोंदवले, असा प्रश्न तालमूद या धर्मचर्चेच्या महासंग्रहात उपस्थित केलेला आहे, आणि त्याचे उत्तर असे दिले आहे की त्या आकड्याच्या आधारे याकोबाची वर्षे मोजता यावीत. इश्माएल इसहाकापेक्षा १४ वर्षांनी मोठा, आणि इसहाक ६० वर्षांचा असताना याकोब व एसाव ही जुळी मुले झाली. म्हणजे इश्माएल याकोबापेक्षा ७४ वर्षांनी मोठा होता आणि तो वारला तेव्हा याकोब ६३ वर्षांचा होता. आशीर्वादाच्या प्रसंगानंतर एसावाने इश्माएलाची मुलगी केली, आणि इश्माएल त्याच सुमारास वारला अशी परंपरेची समजूत असल्यामुळे याकोबाचे वय तेथे ६३ ठरते, तर योसेफाकडून मोजत आल्यास ते ७७ भरते. मधल्या चौदा वर्षांचा मेळ घालण्यासाठी, लाबान राहत होता त्या हारानास जाण्यापूर्वी याकोब एबर या पूर्वजाच्या घरी अध्ययन करीत राहिला होता असे आचार्यांनी सांगितले. ग्रंथात या वास्तव्याचा उल्लेख नाही. दोन गणिते जुळत नाहीत हे दिसल्यावर त्यांच्यातील अंतर भरून काढण्यासाठी कथा कशी जन्माला येते, याचा हा नमुना असून, अशा ठिकाणी ग्रंथाचा आकडा कोणता आणि परंपरेची भर कोणती हे वेगळे सांगणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.

७७ हे वय मान्य केले, की त्याच्या पोटातून दुसरा प्रश्न उभा राहतो. विवाह सात वर्षांच्या चाकरीनंतर, म्हणजे ८४ व्या वर्षी झाला आणि योसेफ ९१ व्या वर्षी झाला. तेव्हा रऊबेनपासून योसेफापर्यंत अकरा मुलगे आणि दीना ही मुलगी अशी बारा अपत्ये अवघ्या सात वर्षांत बसवावी लागतात. त्यांतील सात अपत्ये एकट्या लेआची आहेत, आणि चार मुलगे झाल्यावर काही काळ तिला मूल झाले नाही असेही ग्रंथ सांगतो. हे कोडे सोडवण्याचा सर्वांत जुना ज्ञात प्रयत्न देमेत्रियस नावाच्या यहुदी कालगणनाकाराचा आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या ग्रंथाचे तुकडे पुढे कैसरियाचा बिशप युसेबियस याच्या संग्रहात टिकून राहिले. देमेत्रियसाने लेआ, राहेल आणि त्यांच्या दासी जिल्पा व बिल्हा या चार मातांच्या बाळंतपणांचे वर्ष आणि महिना देऊन कोष्टक मांडले आणि दोन वेगवेगळ्या स्त्रियांची अपत्ये एकाच वेळी जन्मली असे धरून सर्वांना सात वर्षांत जागा करून दिली. त्याचे महिने ग्रंथातून आलेले नाहीत, ते त्याने अनुमानाने भरले. तरीही सात वर्षांची मर्यादा पाळून हे घडू शकते एवढे त्याने दाखवून दिले.

या गणितातून निघणारी आणखी एक गोष्ट वाचकाने ध्यानी घ्यावी. कथेचा क्रम हा घटनांचा क्रम असतोच असे नाही. अब्राहामाचा मृत्यू याकोबाच्या जन्माआधी सांगितला आहे, पण याकोब जन्मला तेव्हा अब्राहाम १६० वर्षांचा होता आणि त्यानंतर तो पंधरा वर्षे जगला. म्हणजे नातू पंधरा वर्षांचा होईपर्यंत आजोबा हयात होते. तसेच इसहाकाचा मृत्यू योसेफाची विक्री होण्याआधीच्या अध्यायात येतो; परंतु सतराव्या वर्षी योसेफ विकला गेला तेव्हा याकोब १०८ वर्षांचा आणि इसहाक १६८ वर्षांचा होता, आणि इसहाकाचे आयुष्य १८० वर्षांचे आहे. याकोब मुलासाठी शोक करीत होता त्या काळात त्याचा वृद्ध पिता बारा वर्षे जिवंत होता, ही गोष्ट कथा सांगत नाही. वर्षांची बेरीज ती सांगते, आणि एका कुटुंबाचे दुःख तीन पिढ्यांवर पसरलेले दिसू लागते.

वंशावळीचा भाग हा कालगणनेइतकाच समृद्ध आहे. याकोबाची आई रिबका ही लाबानाची बहीण, म्हणून लेआ आणि राहेल या याकोबाच्या मामेबहिणी होत. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत असल्यामुळे हे नाते मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु मागच्या पिढ्यांत हे नातेसंबंध अधिक दाट होत जातात. तेरहाला अब्राम, नाहोर आणि हारान असे तीन मुलगे. नाहोराने हारानाची मुलगी मिल्का, म्हणजे आपली सख्खी पुतणी, हिच्याशी लग्न केले. त्यांचा मुलगा बथुवेल आणि बथुवेलाची मुले रिबका व लाबान. त्यामुळे याकोबाचा वंशवृक्ष आखताना तेरह हा एकच पुरुष वेगवेगळ्या पिढ्यांत पुन्हापुन्हा भेटतो : इसहाक आणि अब्राहाम यांच्याकडून मोजल्यास तिसऱ्या पिढीत, बथुवेल आणि नाहोर यांच्याकडून चौथ्या पिढीत, आणि मिल्का व हारान यांच्याकडून पाचव्या पिढीत. सारा ही आपल्या बापाची मुलगी असे अब्राहाम एके ठिकाणी सांगतो, ते शब्दशः घेतल्यास चौथी वाटही तेरहापाशीच पोहोचते. उलट सारा म्हणजे हारानाची मुलगी इस्का, हे तालमूदातील मत स्वीकारल्यास तिची पिढी एकाने खाली सरकते. फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाच्या आकृतीत अशी नाती मावत नाहीत. तेथे रेषा पुन्हा एकत्र येतात, आणि हे दाखवणारी आकृतीच येथे उपयोगी पडते.

याकोबाच्या संततीची यादी आईनुसार लावलेली आहे, हे तिचे वैशिष्ट्य. मिसर देशात गेलेल्या लोकांत लेआकडील ३३, जिल्पेकडील १६, राहेलकडील १४ आणि बिल्हेकडील ७ मिळून ७० जण मोजले आहेत. आपल्याकडील कुलवृत्तांतांत पुरुषांच्या ओळी भरगच्च आणि स्त्रियांची नावे गाळलेली, असे दृश्य वारंवार दिसते. त्या मानाने ही जुनी यादी मातांना आधारस्तंभ करते. पण बारकाईने पाहता तिच्यातही अडचणी आहेत. लेआच्या वंशजांतून कनान देशातच वारलेले एर आणि ओनान वगळून आणि दीनेला धरून मोजले, तर नावे ३२ भरतात. तेहतिसावे नाव कोणाचे, याचे उत्तर कोणी स्वतः याकोब असे देतात, तर यहुदी आचार्य वाटेत जन्मलेली लेवीची मुलगी योखेबेद असे देतात. सप्ततिभाषांतर, म्हणजे इसवी सनापूर्वी हिब्रूवरून झालेले ग्रीक भाषांतर, येथे ७० च्या जागी ७५ हा आकडा देते. याहूनही अवघड प्रश्न यहूदाच्या शाखेचा आहे. यहूदा हा चौथा मुलगा; याकोब मिसर देशात शिरला तेव्हा यहूदाचे वय फार तर ४२ किंवा ४३ भरते. एवढ्या अवधीत यहूदाचे लग्न, तीन मुलगे, त्यांतील थोरल्याचे लग्न व मृत्यू, मग त्या थोरल्याची विधवा तामार हिच्यापासून यहूदाला झालेला पेरेस आणि पेरेसाचेही हेस्रोन व हामूल हे दोन मुलगे, एवढे सर्व घडले असे यादी सांगते. पेरेसाचे मुलगे पुढे मिसर देशात जन्मले असावेत आणि कुळाचे प्रमुख म्हणून आधीच यादीत घेतले गेले असावेत, हे अनेक टीकाकारांचे म्हणणे सयुक्तिक वाटते. कारण वंशावळ लिहिणाऱ्याचा भर जन्मवर्षापेक्षा कुळांच्या हक्कावर असतो.

येथवरची सर्व गणना सापेक्ष कालगणना होय, म्हणजे एका घटनेपासून दुसरी घटना किती वर्षांनी घडली एवढेच ती सांगते. याकोब इसवी सनापूर्वी कोणत्या वर्षी जन्मला, हा निरपेक्ष कालगणनेचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी आकाशातील साक्षीदार लागतो. असीरियाच्या दरबारात प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देण्याची प्रथा होती. अशा नावांच्या जतन झालेल्या याद्यांत बुर-सगाले या अधिकाऱ्याच्या वर्षी सूर्यग्रहण झाल्याची नोंद आहे, आणि गणिताने ते ग्रहण इसवी सनपूर्व ७६३ च्या १५ जून रोजी पडते. त्या एका दिवसापासून मागे मोजत गेल्यावर असीरियाच्या राजाने इस्राएलाचा राजा अहाब याच्यासह अनेक राजांशी केलेली कर्करची लढाई ८५३ मध्ये, आणि राजा येहू याने दिलेली खंडणी ८४१ मध्ये येते. तेथून राजांच्या कारकिर्दी जोडत इस्राएलाचा आधीचा राजा शलमोन याच्या राज्याचे चौथे वर्ष ९६६ च्या सुमारास ठरते. निकोलस कोपर्निकसानेही १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बाबिलोनचा राजा नबोनस्सर याच्या शकापासून जुनी निरीक्षणे मोजली होती. ग्रहगतीचे गणित नेमके झाल्यावाचून राजांच्या याद्यांना इसवी सनाचे वर्ष देता आले नसते, आणि ज्योतिषाशी असलेले या विषयाचे नाते ते हेच.

शलमोनापासून मागे याकोबापर्यंत जाताना मात्र वाटा फुटतात. इस्राएल लोक मिसर देशातून निघाल्यापासून, म्हणजे निर्गमनापासून, शलमोनाच्या चौथ्या वर्षापर्यंत ४८० वर्षे झाली असे राजांचे पुस्तक सांगते. ते घेतल्यास निर्गमन १४४६ मध्ये येते. त्यापूर्वीचे मिसरमधील वास्तव्य किती वर्षांचे, हा खरा कळीचा प्रश्न. मासोरेटिक पाठ, म्हणजे यहुदी पाठरक्षकांनी जपलेला हिब्रू पाठ, ४३० वर्षे म्हणतो. शोमरोनी पाठ आणि सप्ततिभाषांतर ही ४३० वर्षे कनान आणि मिसर या दोन्ही देशांतील मिळून धरतात, त्यामुळे मिसरच्या वाट्याला २१५ वर्षे उरतात. आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील योसे बेन हलाफ्ता यांच्या नावावर असलेला ‘सेदेर ओलाम’ हा यहुदी कालगणनाग्रंथ इसहाकाच्या जन्मापासून ४०० वर्षे मोजून मिसरला २१० वर्षे देतो. पूर्ण ४३० वर्षे मिसरमध्ये धरल्यास एक ठळक अडचण येते. मिसर देशात गेलेल्यांत लेवीचा मुलगा कहाथ होता. कहाथाचे १३३ वर्षांचे संपूर्ण आयुष्य, त्याचा मुलगा अम्राम याचे १३७ वर्षांचे संपूर्ण आयुष्य आणि अम्रामाचा मुलगा मोशे याची निर्गमनापर्यंतची ८० वर्षे एकापुढे एक ठेवली, तरी बेरीज ३५० च्या पुढे जात नाही. म्हणून एक तर काळ आखूड मानावा लागतो किंवा वंशावळीत मधल्या पिढ्या गाळल्या आहेत असे मानावे लागते.

या निवडींचा परिणाम याकोबाच्या जन्मवर्षावर असा होतो : दीर्घ गणनेने इसवी सनपूर्व २००६, आखूड गणनेने १७९१, आर्माघचे आर्चबिशप जेम्स अशर यांच्या १६५० मधील गणनेने १८३६, आणि ‘सेदेर ओलाम’वर आधारलेल्या यहुदी सृष्टिवर्षाप्रमाणे १६५३. पहिल्या आणि शेवटच्या उत्तरांत ३५३ वर्षांचे अंतर आहे. त्यात ‘सेदेर ओलाम’ने इराणी राजवटीला, जी प्रत्यक्षात दोनशेहून अधिक वर्षे टिकली, केवळ ५२ वर्षे दिली आहेत, याचाही मोठा वाटा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मतभेदाचे स्वरूप सहज कळेल. तेथे शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया यांत तीन वर्षांहून कमी अंतर होते, जेधे शकावलीसारखे साधन लोकमान्य टिळकांच्या प्रयत्नाने प्रकाशात आले होते, आणि तरीही निर्णयाला अनेक दशके लागली. याकोबाच्या बाबतीत समकालीन शकावली नाही, एकही शिलालेख नाही. इस्राएल या लोकसमूहाचा ग्रंथाबाहेरील सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख इसवी सनपूर्व १२०८ च्या सुमाराच्या, मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात आढळतो.

म्हणूनच ऐतिहासिकतेचा प्रश्न टाळता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास विल्यम ऑलब्राइट आदी संशोधकांनी मारी आणि नुझी येथील मृत्तिकापट्टिकांतील चालीरीतींशी तुलना करून कुलपित्यांचा काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात ठेवला. १९७४ मध्ये थॉमस टॉमसन आणि १९७५ मध्ये जॉन व्हॅन सेटर्स यांनी ती तुलना पुराव्याला टिकत नाही असे दाखवून या कथा पुष्कळ नंतरच्या काळात रचल्या गेल्याचे प्रतिपादन केले. याकोब नावाची व्यक्ती होऊन गेली की नाही, हे वर्षांच्या बेरजेने सिद्ध होत नाही आणि खोडूनही निघत नाही. ग्रंथाच्या अंतर्गत ७७ हे वय मात्र वरील चारही जन्मवर्षांत तेच राहते, कारण ते मिसरमधील काळावर किंवा शलमोनाच्या वर्षावर अवलंबून नाही. कोणते विधान कशावर उभे आहे याची ही जाण ठेवली, तर श्रद्धावंताला गणिताचे भय वाटण्याचे कारण नाही आणि संशोधकाला श्रद्धेचा उपहास करण्याचे कारण नाही.

मराठी समाजाच्या बाजूने या विषयाला आणखी एक गंभीर अंग आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ने जुन्या करारातील पूर्वज मराठी ओवीत आणले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल कीर्तनकारांनी त्याच पूर्वजांची चरित्रे मराठी कीर्तनात रंगवली, पण त्या समाजापाशी याकोबापर्यंत पोहोचणारी लेखी वंशावळ नव्हती. नवगावजवळ गलबत फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली, एवढी आठवण, आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढाच त्यांचा दस्तऐवज होता. त्यांची आडनावे किहीमकर, दिवेकर, अष्टमकर अशी कोकणातील गावांवरून पडली आणि नावेही मराठी वळणाची झाली. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. हायम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला या समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्यांनी पूर्वजांचे आगमन इसवी सनपूर्व १७५ च्या सुमारास ठेवले. पुढे इस्राएल देशात गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या विवाहांच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये काढला, तेव्हा लोकांनी तीव्र निषेध केला, आणि १९६४ मध्ये त्या देशाच्या संसदेने बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदी असल्याचे घोषित केल्यावर धर्मपीठाला त्या आदेशातील त्यांचा खास उल्लेख काढून घ्यावा लागला.

वंशावळ ही केवळ विद्वानांच्या कुतूहलाची बाब नाही, तर तिच्या आधारे माणसाला समाजात घेतले वा नाकारले जाते, हे या घटनेने दाखवून दिले. ज्या मूळ वंशावळीच्या नावाने कोकणातील कुटुंबांकडे पुरावा मागितला गेला, तिच्यातही तेहतिसावे नाव सापडत नाही आणि कहाथापासून मोशेपर्यंतच्या पिढ्या काळाला पुरत नाहीत. मग समुद्र ओलांडून आलेल्या, भाषा बदललेल्या आणि तरीही आपले व्रत न सोडलेल्या समाजाच्या वंशावळीत खंड पडला असल्यास तो दोष मानणे न्याय्य नव्हे. पुढील विवेचनात याकोबाच्या आयुष्यातील प्रत्येक वर्षापुढे ते ग्रंथात सांगितलेले, त्यावरून काढलेले की परंपरेने भरलेले हे नोंदवले आहे. नात्यांच्या आकृतीत जेथे मतभेद आहेत तेथे दोन्ही वाटा दाखवल्या आहेत. आणि जेथे दुवा नाही तेथे जागा रिकामी ठेवली आहे. वाचकाने प्रत्येक बेरीज स्वतः करून पाहावी, आणि कोणत्याही कुळाची, आपल्या स्वतःच्या कुळाचीही, वंशावळ हाती घेताना तिच्यातील रिकाम्या जागा खोट्या नावांनी भरू नयेत व त्या जागांवरून कोणाला बाहेरही काढू नये, एवढी दृष्टी या अभ्यासातून मिळाली तर याकोबाच्या वर्षांचा हिशेब मांडण्याचे श्रम सार्थकी लागतील.